तिकडच्या गावाची पत्रं

दुष्काळी कामावर मी आईबरोबर खडी फोडायला जायची, तेव्हा माझं कॉलेज सुटून वर्ष होत आलं होतं. उस्मानाबादला मामाकडं राहून पी.यू.सी. झाले, पुढच्या वर्गात नाव घातलं आणि दुसऱ्याही वर्षी पाऊस झाला नाही. मामाच्याच घरात खायचे वांधे झाले, तशी मी पेटी उचलून गावी आले. आमचं गाव ढोकीपासून पाच-सहा मैलांवर. वडील नव्हते. आई आणि मी सकाळी भाकरी बांधून रस्त्याच्या कामावर जायचो आणि दिवस मावळताना हाताला फडकी गुंडाळून परत यायचो.

एके दिवशी कामावर सरकारी जीप आली. मजुरांची पोरं बाभळीच्या सावलीत निजवलेली असायची, त्यांना तपासायला एक इंग्रज नर्स आली होती. तिच्याबरोबरचा कंपाउंडर दुभाषा म्हणून आणलेला, पण त्याची गाडी 'येस मॅडम'च्या पुढं जात नव्हती. पोट फुगलेल्या एका पोराला मांडीवर घेऊन बसलेल्या बाईला नर्स रागानं काहीतरी विचारत होती आणि ती बाई रडायच्या बेताला आली होती. मला राहवलं नाही. मी इंग्रजीत म्हणाले, "ही त्याची आई नाही, मावशी आहे. आई तिकडं खडीवर आहे."

सगळं काम थांबलं. मुकादमसुद्धा माझ्याकडं बघत राहिला. खडीवरची पोरगी, डोक्याला फडकं बांधलेली, आणि इंग्रजी बोलते! त्या दिवशी नर्सबरोबर मी प्रत्येक पोरापाशी गेले. आईला केवढा अभिमान वाटला होता. मलाही वाटला होता, खोटं कशाला सांगू.

ती नर्स तिच्या देशात परत गेली आणि तिनं तिच्या गावातल्या लोकांना आमच्या गावाबद्दल सांगितलं. तिथल्या पंधरावीस माणसांनी मिळून एक मंडळ काढलं. कुणी शिक्षक, कुणी दुकानदार, कुणी पेन्शनीतले म्हातारे. सगळे आपापला धंदा सांभाळून हे करणारे. त्यांनी ठरवलं की त्यांच्या गावानं आमच्या गावाशी नातं जोडायचं. आमच्याकडंही मग कमिटी झाली. सरपंच अध्यक्ष, शाळेचे हेडगुरुजी खजिनदार आणि मी चिटणीस. चिटणीस म्हणजे पत्रं लिहिणारी. त्या पत्रांच्या जोरावर गावात बालवाडी निघाली. मी बालवाडीची बाई झाले आणि आई पोरांची खिचडी शिजवायला लागली.

आई खिचडी शिजवते म्हणून सुरुवातीला गावातल्या बऱ्याच घरांनी पोरं पाठवली नाहीत. पाठवली त्यांनी फडक्यात भाकरी बांधून दिली. आमची वस्ती ओढ्याच्या अलीकडं, गाव पलीकडं. बालवाडीची खोली मधोमध बांधली होती तरी ओढा होता तिथंच होता. मग तिकडून पत्र आलं की सगळी मुलं एकत्र जेवतानाचा फोटो पाठवा, आम्हाला तो आमच्या सभागृहात लावायचा आहे. सरपंचांनी फोटोग्राफर आणला आणि घरोघर निरोप धाडला. फोटोसाठी पोरं एका रांगेत बसली, आईनं वाढलं, ती जेवली. दर सहा महिन्यांनी फोटो मागायचे तिकडचे लोक. दोन वर्षांत पोरांना सवय झाली आणि आईबापांनी बोलणं सोडून दिलं.

हे मी मुद्दाम सांगते, कारण पुढं मी का अडकले ते त्याशिवाय कळायचं नाही. ते काम वाईट नव्हतं. वाईट असतं तर मी कधीच उठून गेले असते.

तिकडच्या मंडळाच्या चिटणीस एक बाई होत्या. वाचनालयात नोकरी करायच्या, लग्न केलेलं नव्हतं, घरी अंथरुणाला खिळलेली आई. निळ्या आंतरदेशीसारख्या पातळ कागदावर त्यांचं पत्र यायचं, बारीक तिरप्या अक्षरात. मंडळानं जुन्या कपड्यांचा बाजार भरवला, केक विकले, कुणाच्या बागेत चहापान केलं, असं सगळं असायचं. शेवटी एक ओळ हमखास असे: हे काम करताना मला फार आनंद होतो. मीही उत्तरात तसंच लिहायची: तुमच्या पत्राची सारं गाव वाट पाहत असतं, आणि हे काम करताना मला फार आनंद होतो. पहिली दोन वर्षं ते खरं होतं.

निळं पत्र आलं की शाळेच्या ओसरीत माणसं जमायची आणि मी मराठीत वाचून दाखवायची. असंच एका दुपारी पोस्टमननं मला दोन पाकिटं दिली, एक निळं आणि एक तपकिरी. तपकिरी मी तिथंच उभ्याउभ्या फोडलं. नांदेडला टपाल खात्यात कारकुनाच्या जागेवर माझी निवड झाली होती. अर्ज करून इतके महिने झाले होते की मी आशाच सोडली होती. मी ते पुन्हा पहिल्यापासून वाचायला लागले. पण ओसरीत माणसं येऊन बसली होती. मी ते पाकीट हजेरीपटात सरकवलं आणि निळं पत्र वाचायला घेतलं.

तिकडच्या बाईंनी लिहिलं होतं की आमच्या बालवाडीला देणग्या मिळवायला त्यांच्या गावातली माणसं दिवसभर पायी चालली; त्यांच्या चालण्याच्या दर मैलामागं कुणी ना कुणी पैसे द्यायचं कबूल केलं होतं. दिवसभर पाऊस पडत होता. एक म्हातारे गृहस्थ काठी टेकत शेवटपर्यंत आले आणि मग चर्चच्या पायरीवर बसून रडले. पुढच्या तीन वर्षांची तजवीज झाली होती.

पत्र वाचून झालं. मग सरपंच म्हणाले, "बगा, म्हातारी मानसं आपल्या पोरांसाटी पावसात चालली. आपल्या रक्ताची न्हाईत, नात्याची न्हाईत." माझ्या मांडीवर हजेरीपट होता आणि त्यात नांदेड होतं.

दुसऱ्या दिवशी मी गुरुजींना पाकीट दाखवलं. ते वाचून त्यांनी फक्त "बरं" म्हटलं. तिसऱ्या दिवशी सकाळी गुरुजी आणि सरपंच आमच्या घरी आले.

सरपंच आमच्या वस्तीत यायचे ते मतांच्या वेळी, आणि तेही उभ्यानं. त्या दिवशी ते आमच्या अंगणातल्या बाजेवर बसले. आईनं चहा केला. देऊ की नको म्हणून ती दारातच घुटमळली, तसे सरपंच म्हणाले, "आन की." त्यांनी आमच्या कपातून चहा प्यायला. सारी वस्ती आपापल्या दारात येऊन बघत होती.

"पोरी," सरपंच म्हणाले, "तुला जायाचं आसंल तर आमी आडवनार न्हाय. नोकरी हाय, सरकारी हाय. पर तू गेलीस तर तिकडं लिव्हनार कोन? ह्या गावात विंग्रजी येनारं एक मानूस दाव मला."

मी गुरुजींकडं बघितलं.

"माझ्याकडं कशाला बघता, बाई," गुरुजी हसून म्हणाले, "आपली मजल 'धिस इज अ कॅट'पर्यंत."

दारातली माणसं हसली. सरपंचही हसले. मग कप खाली ठेवून म्हणाले, "पत्र थांबलं म्हंजी बालवाडी थांबली. आन बालवाडी थांबली की तुजी आय पुन्हा खडीवर. तूच इचार कर."

ते धमकी देत नव्हते. खरं तेच सांगत होते. मी आईकडं बघितलं. आई म्हणाली, "तू म्हनशील तसं." हे सगळं अंगणात, साऱ्या वस्तीसमोर. मी "राहते" म्हणाले. कुणीतरी टाळी वाजवली. सरपंच गेल्यावर आईनं तो कप धुतला, पुसला आणि फडताळात वरच्या फळीवर ठेवला. पुन्हा त्यातून आमच्यापैकी कुणी चहा प्यायलं नाही.

त्यानंतरची वर्षं मला नीट वेगवेगळी आठवतही नाहीत. सकाळी बालवाडी, दुपारी हजेरी, महिन्याला पत्र. दसरा झाला की वस्तीतली निम्मी माणसं कोयते घेऊन ऊसतोडीला जायची, उन्हाळ्यात परत यायची. कारखान्याला ट्रॅक्टर जायचे, सोलापूरला ट्रक जायचे. माझ्याबरोबरची एक मैत्रीण पुण्याला गेली, एक लातूरला. सोलापूरहून एक स्थळ आलं. मुलगा रेल्वेत होता, बोलायला चांगला, मलाही आवडला होता. "लग्नानंतर सोलापूरला राहावं लागेल" म्हणाला, यात त्याचं काय चुकलं? पण सरपंचांनी त्याच्या वडलांना गाठून सांगितलं, "जावयालाच हिकडं आना, आमी घर बांदून देतो." ते लोक पुन्हा आले नाहीत.

मी रागावले नाही असं नाही. पण रागवायचं कुणावर? गाव मला 'बाई' म्हणत होतं. ओढ्यापलीकडच्या घरांतून मला बारशाला, हळदीकुंकवाला बोलावणं यायचं. पोरं रस्त्यात धावत येऊन पायांना मिठी मारायची. कधीकधी हजेरी घेता घेता दोन नावांच्या मधे मी थांबून जायची. पोरं म्हणायची, "बाई, पुढं." मी पुढचं नाव घ्यायची.

आणि दर महिन्याला लिहायची, हे काम करताना मला फार आनंद होतो.

असं करता करता ऐंशी साल मागं पडलं. एका हिवाळ्यात पत्र आलं की तिकडच्या बाईंची आई वारली आहे आणि आता त्यांना आमचं गाव बघायला यायचं आहे. गावानं रस्ता झाडून काढला, शाळेला चुना दिला. ढोकी स्टेशनवर नॅरोगेजच्या छोट्या गाडीतून बाई उतरल्या. उंच, पाठीत थोड्या वाकलेल्या, उन्हानं नाक लाल झालेलं. मी हात जोडले. त्यांनी माझे जोडलेले हात आपल्या दोन्ही हातांत धरले आणि बराच वेळ सोडले नाहीत.

तीन दिवस त्यांचे हारतुरे झाले, घरोघर चहा झाला. आईची खिचडी त्यांनी पोरांच्या रांगेत मांडी घालून खाल्ली. मांडीला कळ लागली तरी उठल्या नाहीत. चौथ्या दिवशी सरपंच म्हणाले, "पावनीला नळदुर्गचा किल्ला दावून आना." मग मी आणि बाई एस.टी.नं निघालो. उसाच्या ट्रॉल्यांमागं गाडी रेंगाळत होती. उस्मानाबादला गाडी बदलून, तुळजापूरवरून नळदुर्गला पोचेपर्यंत दुपार झाली.

किल्ल्यात आमच्या दोघींशिवाय एक गुराखी म्हातारा होता, बाकी कुणी नाही. पाणीमहालाच्या जाळीच्या खिडकीशी आम्ही बसलो. धबधबा पावसाळ्यात पडतो, तेव्हा खाली नुसते ओले दगड दिसत होते. मी शिदोरी सोडली. बाईंनी भाकरीचा तुकडा मोडला आणि विचारलं, "हे काम सोडावं असं तुम्हाला कधी वाटलं का?"

"नाही," मी म्हणाले. "मला फार आनंद होतो."

त्यांनी तुकडा परत फडक्यावर ठेवला. मग म्हणाल्या, "मला वाटलं. दर वर्षी वाटलं."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

त्या सांगत राहिल्या. आई आजारी, नोकरी, आणि वर हे मंडळ. जुन्या कपड्यांचे ढीग त्यांच्याच घरात यायचे, बसायला जागा उरायची नाही. दोनदा त्यांनी राजीनाम्याचं पत्र लिहिलं होतं. "पण प्रत्येक वेळी तुमचं पत्र आलं. तुम्ही इतक्या आनंदानं करत होता. मनात यायचं, तिथं इतक्या अडचणीत एक मुलगी हे करते आणि मी इथं पाठ दुखते म्हणून सोडू? तुमच्यापुढं मला माझीच लाज वाटायची."

मी हसायला लागले. हसता हसता रडायला लागले, आणि मग थांबताच येईना. त्या घाबरल्या. मी त्यांना नांदेडचं सांगितलं. निळं पत्र, तपकिरी पाकीट, पावसात चाललेली माणसं, काठीवाले गृहस्थ, सगळं सांगितलं. त्यांना ते पत्र आठवत नव्हतं. "चालण्याचा कार्यक्रम? असे बरेच केले आम्ही," त्या म्हणाल्या. मला त्यातली ओळ न् ओळ पाठ होती.

परतीच्या गाडीत बाई खिडकीशी बसल्या. तुळजापूरच्या स्टँडवर त्या एकदम म्हणाल्या, "मी सोडणार. आणि तुम्हीही सोडायचं. उद्याच्या सभेत मी सांगते."

निरोपाची सभा शाळेच्या अंगणात होती. सतरंज्यांवर सारं गाव बसलेलं. बाई बोलायला उभ्या राहिल्या आणि शेजारी मी, त्यांचं एकेक वाक्य मराठीत सांगायला. गावाचे आभार झाले, पोरांचं कौतुक झालं. मग त्या म्हणाल्या की मी आता चिटणीसपद सोडते आहे, आमच्याकडं दुसरं कुणीतरी ते घेईल. ते मी सांगितलं. लोक हळहळले. मग त्या माझ्याकडं न बघता, सरळ सरपंचांकडं बघत म्हणाल्या, "या बाईंनीही आपली बरीच वर्षं तुम्हाला दिली आहेत. आता त्यांना जाऊ द्या. त्यांच्या जागी दुसरं माणूस शोधा."

सगळे माझ्या तोंडाकडं बघत होते. आई पुढच्याच रांगेत होती, पदराखाली हात घेऊन. वाक्य माझ्या जिभेवर तयार होतं. माझ्याच सुटकेचं वाक्य, आणि ते मलाच सांगायचं होतं. मी म्हणाले, "बाई म्हणतात, या गावाचं प्रेम त्या कधी विसरणार नाहीत."

टाळ्या झाल्या. बाईंनी समाधानानं मान हलवली. त्यांना वाटलं, मी सांगितलं. दुसऱ्या दिवशी ढोकीला गाडीत चढताना त्या माझ्या कानाशी म्हणाल्या, "आता तुम्ही मोकळ्या." मी हो म्हणाले. गाडी हलली.

स्टेशनवरून परतले ती सरळ बालवाडीत गेले. सुट्टी होती. टोपलीतले लाकडी ठोकळे मी उगाच रंगवार लावत बसले होते. गुरुजी आत आले आणि पोरांच्या बुटक्या बाकावर बसले.

"बाई, काल तुम्ही एक वाक्य गाळलंत," ते म्हणाले.

माझा हात थांबला. "कुठलं?"

त्यांनी ते वाक्य म्हणून दाखवलं. इंग्रजीत. उच्चार जुना, पण शब्द न शब्द बरोबर.

मी त्यांच्याकडं बघत राहिले. ते खाली फरशीकडं बघत होते. "मॅट्रिक हैदराबादेत झालं माझं," ते म्हणाले. "बोलायला जमत नाही आता, पण वाचता येतं. लिहिताही येईल, डिक्शनरी घेतली तर."

"पहिल्यापासून?"

"पहिल्यापासून."

"मग त्या दिवशी आमच्या अंगणात..."

"त्या दिवशी मी हो म्हटलं असतं, तर ते माझ्या गळ्यात पडलं असतं. शाळा होती, घरात चार पोरी उजवायच्या होत्या. वाटलं, तुम्ही तरुण आहात, वर्ष-दोन वर्षं कराल. मग बोलायची वेळच निघून गेली." ते पुढं म्हणाले, "दर महिन्याला ओसरीत बसून मी तुमचं वाचन ऐकलं. तुम्ही भाषांतर चांगलं करता."

मी हातातला ठोकळा फेकला. त्यांना नाही, भिंतीवर. तो उडून पाण्याच्या मडक्याला लागला आणि मडकं फुटलं. पाणी त्यांच्या चपलांपर्यंत आलं, तरी ते उठले नाहीत. मी काय काय बोलले ते आता आठवत नाही. वडीलधाऱ्या माणसाला एकेरीत बोलले, एवढं आठवतं. आयुष्यात तेवढंच एकदा.

माझं बोलून झाल्यावर ते म्हणाले, "जूनमध्ये मी रिटायर होतोय. पत्रं मी लिहीन. सरपंचांना मीच सांगतो. आणि तुमच्या आईच्या कामाला हात लागणार नाही, ते माझ्याकडं लागलं."

त्यांनी सांगितलं, आणि शब्द पाळला. सरपंच चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत, मग माणसाबरोबर ज्वारीचं पोतं पाठवून दिलं.

टपाल खात्याच्या नोकरीचं माझं वय निघून गेलं होतं. परंड्याला मुलींच्या वसतिगृहात अधीक्षिकेची जागा निघाली, ती मला मिळाली. जायच्या आदल्या दिवशी मी आईला म्हणाले, "तूही चल." आई चुलीपुढं बसून होती. "म्या न्हाय येत," ती म्हणाली. "गावातल्या पोरांनी माज्या हातचं खाल्लं. त्ये सोडून कुटं जाऊ?" मग लाकूड आत सारत म्हणाली, "तवाच जायाला पायजे हुतंस तू. नांदेडला. म्या सांगाया पायजे हुतं, पर सगळ्यांम्होरं मला बोलता आलं न्हाय."

परंड्यात माझी खोली वसतिगृहाच्या टोकाला होती. पहिला महिना संपत आला तशी मी बेचैन झाले. पत्राची तारीख जवळ आली की होणारी बेचैनी, दुसरं काही नाही. मुलींवर उगाच ओरडले. दोन-तीन महिन्यांनी ते गेलं.

त्या पावसाळ्यात गुरुजींचं कार्ड आलं. तिकडच्या नव्या चिटणिसांनी काहीतरी विचारलं होतं, त्याचा अर्थ त्यांना नीट लागत नव्हता. वाक्य त्यांनी कार्डावर उतरवून पाठवलं होतं आणि खाली लिहिलं होतं, सवडीनं कळवावे. सोपं वाक्य होतं. मी कार्ड टेबलावर ठेवलं. चार दिवस ते तिथंच होतं, येताजाता दिसायचं. पाचव्या दिवशी मी ते खणात टाकलं आणि मुलींना घेऊन आठवडी बाजारात गेले. उत्तर मी लिहिलं नाही. गुरुजींनी पुन्हा विचारलं नाही. पण बालवाडी चालू राहिली, म्हणजे त्यांनी काहीतरी अर्थ लावला असणार.